घरात जोडकाम नाही

आमच्या घरात मला फौजदार म्हणतात. नाव काकांनी पाडलं. लहानपणी बाबांबरोबर त्यांच्या घरी गेले की मी आल्याआल्या चौकशीला बसायची: हा पंखा नवा का, जुना कुठे गेला, का गेला. काका हात जोडून म्हणायचे, "फौजदारसाहेब, आधी पाणी तरी प्या." पुढे मी विमा कंपनीत दावे तपासायच्या कामाला लागले आणि नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. जळालेलं दुकान, चोरीला गेलेली गाडी, जिन्यावरून पडलेला माणूस, सगळ्यांकडे संशयाने बघायचा मला पगार मिळायचा. माणूस सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि कागद सांगतो ते मानायचं, हा आमचा खाक्या. आणि एक खूणगाठ मी स्वतःची बांधली होती: जो दर वेळी अगदी त्याच शब्दांत सांगतो, तो पढवलेला. खरं बोलणारा अडखळतो, मागेपुढे करतो. ही अक्कल घरात पाजळायची काही गरज नव्हती.

झालं असं, की बाबा गेले आणि त्यांच्या खोलीतली खोकी माझ्या वाट्याला आली. आमचा फोटो स्टुडिओ होता. आजोबांनी, म्हणजे सगळ्यांच्या आबांनी, काढला, बाबा आणि आत्याने चालवला, आणि हातोहाती कॅमेऱ्याचे फोन आल्यावर बंद पडला. खोक्यांत फोटो, निगेटिव्ह, शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद, सगळी सरमिसळ. मी नुकतीच निवृत्त झालेली, घरात बसून लोकांच्या चुका काढत होते. मुलगा म्हणाला, "आई, तू काहीतरी काम काढ बाई, आम्हाला सोड." म्हटलं, ठीक आहे, घराण्याचा इतिहास लिहिते. कोण कुठून आलं, काय केलं, कोण कोणाशी का बोलत नाही, सगळं एकदाचं पुराव्यासकट.

न बोलण्याचं प्रकरण आमच्याकडे एकच. काका आणि आत्या.

काका थोरले, मग बाबा, मग आत्या. काकांचं आजोबांशी कधी पटलं नाही. एकदा गिऱ्हाइकांसमोर आजोबा त्यांना म्हणाले, "आधी फोकस करायला शीक, मग मला शिकव." काका तसेच निघाले, ते दुसऱ्या गावी जाऊन त्यांनी स्वतःचा स्टुडिओ टाकला. त्यानंतर मी जन्मले, आणि मी पाळण्यात असतानाच आजोबा न्हाणीघरात पडले. डावा हात मोडला, प्लास्टर घातलं, अंथरूण धरलं, त्यातून काही उठले नाहीत. काकांना तार केली होती. काका आले ते सगळं उरकल्यावर. म्हणाले, तार मिळालीच नाही. बाबांनी मानलं. आत्याने मानलं नाही. तिने दार लावून घेतलं आणि त्या दिवसापासून भावाशी एक अक्षर बोलली नाही. काकू वारल्या तेव्हासुद्धा गेली नाही.

मी वही घेऊन आत्याकडे गेले तेव्हा ती इस्त्री करत होती. तिच्या घरात पायपुसणंसुद्धा इस्त्रीचं असतं. विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "तार गेली. तो आला नाही. आबा दाराकडे बघत गेले."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"आत्या, काका थकलेत गं आता. तू एकदा भेटावंस असं फार आहे त्यांच्या मनात."

"येईन की," ती म्हणाली. मी चाट पडले. तिने इस्त्री उभी केली. "त्याने माझ्या तोंडावर म्हणावं, तार मिळाली होती आणि मी आलो नाही. एवढंच म्हणावं. मी येते."

मी लगेच काकांकडे गेले. ते मुलीकडे असतात. तिचं खरं नाव कोणी घेत नाही, सगळे ठमी म्हणतात, आणि ती पन्नाशीतही हाक मारली की "ओ" देते. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. त्यांना हल्ली आठवतं, आठवत नाही, असं चाललेलं. "मधला नाही आला?" त्यांनी विचारलं. मधला म्हणजे बाबा. ठमीने मला डोळ्यांनी खुणावलं, तर मी म्हटलं, "नाही आले आज." मग मी आत्याचा निरोप सांगितला. आणि हा माणूस, ज्याला सकाळी आपण काय खाल्लं ते सांगता येत नव्हतं, तो एकदम ताठ बसला.

"मिळाली होती तार," काका म्हणाले. "हातात होती माझ्या. दुकानात बसून होतो. म्हटलं, फोकस येत नाही ना मला? मग बघू देत वाट. दोन दिवस बघू देत, मग जातो." त्यांनी माझं मनगट धरलं. "फौजदार, तिला आण. मला तिला सांगायचंय. विसरायच्या आत सांगायचंय."

आता सांगा, यापुढे मला करण्यासारखं काय उरलं होतं? आत्याला गाडीत घालायचं आणि इथे आणून सोडायचं. शेंबड्या पोराला कळलं असतं. पण मी पडले फौजदार. घरी येऊन म्हटलं, प्रकरण बंद करण्याआधी फाइल एकदा नजरेखालून घालू.

आणि खोक्याच्या तळाशी मला तो फोटो सापडला.

आजोबा खिडकीच्या उजेडात खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. मागे बाबा आणि आत्या. आणि आत्याच्या शेजारी, कडेला, काका. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, जरासे हसणारे काका.

मी उडालेच. प्लास्टर घातल्याचा दवाखान्याचा कागद माझ्याकडे होता, आजोबा गेल्याचा दाखलाही होता. फोटो या दोन्हींच्या मधला, याबद्दल वादच नाही. म्हणजे काका आले होते! म्हातारपणी त्यांच्या डोक्यात सगळा गोंधळ झालाय, आणि आत्या गेली सगळी वर्षं धडधडीत खोटं बोलतेय. म्हणून तर ते वाक्य असं घोटलेलं! मला इतका आनंद झाला की मी एकटीच खोलीत टाळी वाजवली.

तुम्ही म्हणाल, बाई, स्टुडिओवाल्यांची पोर तू, फोटो खरा की खोटा एवढं तरी बघायचंस. तर तेच सांगते. जोडकाम ही आमच्या स्टुडिओची खासियत होती. कोणाचा मुलगा परदेशी, कोणाची आई नातू व्हायच्या आधीच गेलेली. ते जुना फोटो घेऊन यायचे, बाबा त्यातला माणूस पात्याने कापायचे, नव्या फोटोत बसवायचे, कडा ब्रशने रंगवायच्या आणि त्याचा परत फोटो काढायचा. सांधा शोधून सापडायचा नाही. पण आजोबांचा दंडक होता: लोकांना हवं ते द्या, घरात जोडकाम नाही. घरचा फोटो दर वर्षी निघायचा आणि जो नसेल त्याची जागा रिकामी सोडायची. एका फोटोत बाबांना गोवर झालेला, तर काका आणि आत्या यांच्यामध्ये एक पोरगं मावेल एवढी फट आहे. काका घर सोडून गेल्यावरच्या फोटोंतही कडेला तशीच जागा सोडलेली. असल्या घरातला फोटो म्हणजे माझ्या लेखी शपथेवरची साक्ष. भिंग समोर पडलेलं होतं, मी हातातसुद्धा घेतलं नाही.

आत्याला आधी विचारायचं मनात आलं होतं. पण जिच्यावर संशय तिला आधी सावध करायचं नसतं. मी फोटो घेऊन थेट काकांकडे गेले.

"हा कोण?" मी बोट ठेवलं.

काकांनी फोटो डोळ्यांशी नेला. "मी."

"आणि आजोबांच्या हाताला काय आहे?"

"प्लास्टर." त्यांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं. "पण मी गेलो नव्हतो."

"गेला होतात काका. हा बघा दवाखान्याचा कागद. ही तारीख. तुम्ही उगाच इतकी वर्षं स्वतःला खात बसलात."

"ताई, राहू दे ना," ठमी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "त्यांना झेपत नाही हल्ली." मी तिला हाताने गप्प केलं. अजून तो माझा हात मला दिसतो.

"गेलो होतो?" काकांनी मला विचारलं. मला! जिला तेव्हा दातही आले नव्हते. मी म्हटलं, "आठवून बघा. आजोबा खिडकीजवळ बसलेत. घोंगडी आहे. आत्या तुमच्या शेजारी उभी आहे." साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नव्या पोरांना मीच शिकवायचे तो.

"घोंगडी," काका म्हणाले. "हो. घोंगडी होती." आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी काय सांगू. "मी आलो होतो. आबांनी मला बघितलं." रडत होते आणि हसतही होते. मीही रडले. ठमीसुद्धा डोळे पुसत चहा करायला गेली. काका फोटो हातातून सोडेनात, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांना एक प्रत काढून आणून दिली. त्या दिवशी घरी येताना मी गाडीत गाणं म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे. मी फोटो तिच्या टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिले. आता काय बोलतेस बघू, असा माझा एकूण आव होता.

आत्याने फोटो उचलला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा होय," ती म्हणाली. "मला वाटलं, मधल्याने जाळला असेल."

"म्हणजे काका आले होते."

"डोळे बघ." तिने टेबलाच्या खणातून भिंग काढून माझ्यापुढे सरकवलं. "बापाने शिकवलं होतं ना तुला? डोळ्यातला उजेड आधी बघायचा म्हणून?"

मी भिंग लावलं. आजोबांच्या, बाबांच्या, आत्याच्या बुबुळात खिडकी होती, चौकोनी, इवलीशी. काकांच्या बुबुळात गोल ठिपका. स्टुडिओतला दिवा. 

"कापला तुझ्या बापाने," आत्या म्हणाली. "कडा मी रंगवल्या. आबा रोज सकाळी विचारायचे, दादा आला का? शेवटी आम्ही म्हटलं, आला होता, तुम्ही तापात होतात, कामासाठी परत गेला. त्यांना पटेना. म्हणाले, आला होता तर फोटो का नाही काढला? आयुष्यभर फोटो काढलेला माणूस तो, दुसरं काय विचारणार? आमचा तिघांचा होता काढलेला, कडेला जागा सोडून. त्यात दादाचा जुना फोटो बसवला आणि नेऊन दिला हातात."

"त्यांना कळलं नाही?"

"भिंग मागितलं त्यांनी. खूप वेळ बघत होते. मग फोटो उशीखाली ठेवला आणि परत कधी विचारलं नाही. फक्त दाराकडे बघायचे." आत्याने फोटो पालथा घातला. "ज्यांनी घरात जोडकाम करू दिलं नाही, त्यांना मरताना आम्ही ते दिलं. आला नाही याचा राग होताच गं. पण मला हे करायला लावलं त्याने, ते मला गिळता आलं नाही."

आत्या एकदम माझ्याकडे वळली.

"त्याला दाखवलास का हा?"

मी पालथ्या फोटोकडे बघितलं. एवढ्या लोकांचं खोटं पकडलं मी, पण स्वतःचं तोंड कुठे लपवावं ते मला कळेना.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, मी आलो होतो." आणि मग मला सगळंच सांगावं लागलं: आदल्या वेळी काकांनी काय कबूल केलं होतं, तार हातात होती, बघू देत वाट म्हणाले होते, तिला आण म्हणाले होते, विसरायच्या आत म्हणाले होते.

आत्या खुर्चीवर बसली. "म्हणजे तो म्हणणार होता," ती हळूच म्हणाली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने नुसतं टेबलावरचं भिंग उचलून परत खणात ठेवलं.

मी सारवासारव करायला गेले, नाही असं नाही. ठमीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, ते रोज उठल्यावर सांगतात मला, मी आबांना भेटलो होतो. जेवतात नीट. झोपतात नीट. कधी नव्हे ते माझ्या लेकाला जुन्या गोष्टी सांगतात. तू दिलेली फोटोची प्रत उशाशी असते." तरी मी गेले. म्हटलं, "काका, त्या फोटोत जरा चूक आहे हं." त्यांनी फोटो छातीशी धरला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दावे नाकारताना लोक बघायचे. "कोपऱ्यात डाग पडलाय, एवढंच," असं काहीतरी पुटपुटले आणि निघून आले. त्या रात्रीपासून मला धड झोप नाही. आत्याचं हक्काचं एकच वाक्य होतं या जगात, आणि ते मी काकांच्या तोंडून काढून घेतलं होतं. परत द्यायचं तर काकांचं आत्ताचं सुख ओरबाडून काढावं लागत होतं. कुठूनही धरलं तरी पाप माझंच.

आठवडा गेला असेल. आत्याचा फोन आला. "गाडी काढ. जाऊन येऊ."

वाटेत मी म्हटलं, "मी सांगते त्यांना खरं काय ते. माझ्यासमोर कबूल केलंय त्यांनी. मी साक्षीदार आहे."

"तू आता गप्प बस," आत्या म्हणाली. तिने नवी कडक साडी नेसली होती आणि पदर सारखा नीट करत होती.

ठमीने दार उघडलं आणि आत्याला बघून तिच्या हातातला टॉवेलच गळाला. काकांनी आत्याला ओळखायला वेळ घेतला नाही. मला भीती होती ती ओळखणार नाहीत याची. "आलीस?" ते म्हणाले. आत्या समोरच्या स्टुलावर बसली. दोघंही एकमेकांच्या हातांकडे बघत होते. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या बोटांवर फोटो धुवायच्या रसायनांचे तपकिरी डाग असायचे, दोघांचे आता धुऊन गेलेले.

"तुला एक सांगायचं होतं," काका म्हणाले. वाटलं, आठवलं. देवा, आठवलं असू दे.

काकांनी उशाशी हात घातला आणि फोटो काढला. "हे बघ. मी आलो होतो. तू उगाच रागावलीस माझ्यावर. मी आलो होतो ना गं?"

आत्याने फोटो घेतला. तिने स्वतः रंगवलेली ती कड, काकांच्या खांद्याची, तिच्या अंगठ्याखाली होती. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि मनात म्हणत होते, नाही म्हण, म्हण नाही, तुझा हक्क आहे.

"हो," आत्या म्हणाली. "आला होतास."

"आबा बोलले ना माझ्याशी?"

"बोलले की." तिने फोटो त्यांच्या हातात परत दिला. "म्हणाले, किती वाळलास. बाहेरचं खातोस का?"

काका खुदकन हसले. "तसंच बोलायचे ते. आणि फोकसचं काही?"

आत्या अडखळली. एकदा ठमीकडे बघितलं, एकदा दाराकडे. "फोकसचं... हं. तुझ्या दुकानाचे फोटो आणले होतेस ना तू, ते बघितले त्यांनी. म्हणाले, फोकस बरा आहे की याचा."

काकांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले. आत्याने त्यांचा हात धरला होता तो निघेपर्यंत सोडला नाही.

परत येताना मी गाडी कडेला घेतली, कारण मला समोरचं नीट दिसेना. "आत्या, माझं चुकलं गं," मी म्हटलं. "तू कशाला खोटं बोललीस? परत? तेच?"

"मग काय करू? त्याला सांगू, तू आला नाहीस, तू बापाला तरसवलंस? आता? कोणाला सांगू? ज्याला सांगायचं होतं तो गेला." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुझ्या त्या पुस्तकात घाल तो फोटो. खाली लिही, सगळे हजर."

मी हो म्हणून मान हलवली. आजवर मी एक खोटा कागद पुढे जाऊ दिला नव्हता, याचा मला केवढा तोरा होता.

"त्याने एकदा म्हटलं असतं ना, आलो नाही म्हणून," आत्या म्हणाली, "तर मी काय म्हणायचं, ते ठरवून ठेवलं होतं. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून. रोज म्हणून बघायचे मनात."

"काय म्हणणार होतीस?"

तिने पर्समधून रुमाल काढला, माझ्या हातात दिला आणि सीटवर मान टेकून डोळे मिटून घेतले.

"ते त्याच्यासाठी होतं गं," ती म्हणाली. "तुला सांगून काय करू?"